कॅलेंडरवर आई नव्हती

बाई, परवा आमच्या ऑफिसात एक मुलगी आली होती, आम्हाला शिकवायला. तिशीच्या आतली असेल. भिंतीवर पडदा सोडला, दिवे मालवले आणि आम्हा दहा-बारा जणांना तिने सांगितलं की लोक संस्थेला मदत करत नाहीत, एका चेहऱ्याला करतात. एक मूल घ्या, त्याची एक गोष्ट घ्या आणि त्या गोष्टीत एक जागा रिकामी ठेवा, म्हणजे वाचणारा आपण होऊन तिथं जाऊन बसतो. सगळे भराभरा लिहून घेत होते. माझ्याही हातात पेन होतं, पण मी काही लिहिलं नाही. हे सगळं पस्तीस वर्षांपूर्वी तुम्ही मला स्वयंपाकघरात पाटावर बसून, तांदूळ निवडता निवडता सांगितलं होतं, आणि तुम्हाला पडदाही लागला नव्हता. चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली. देणगीची पत्रं कित्येक वर्षं मीच लिहिते, हे तिला कुणीतरी सांगितलं असणार. "मॅडम, तुम्ही हे कुठं शिकलात?" मी म्हटलं, पनवेलला. तिला ती थट्टा वाटली, ती हसली. मला मात्र तेव्हापासून तुमचा राग येतोय. राग जुनाच आहे, पण इतकी वर्षं तो मी घडी घालून ठेवला होता, तो परवा उलगडला.

तुमच्या दारात मी कशी आले ते मला आठवत नाही, आईकडून ऐकलंय. बाप तापानं गेला होता. आमची कातकऱ्यांची वाडी शिरढोणच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. आई मला घेऊन तिथून चालत निघाली. निम्मी वाट मी चालले आणि निम्मी तिच्या कडेवर. पनवेलात पोचल्यावर तिने चार ठिकाणी विचारत तुमचं वसतिगृह शोधलं, मला ओट्यावर बसवलं आणि तुम्हाला म्हणाली, "बाई, हिला ठिवा. भट्टीवर नेली तर जल्मभर विटाच थापील. हिला लिवाय-वाचाय शिकवा. मी मदनं मदनं यीन." तुम्ही म्हणालात, "ये, पण रोज नको येऊस. मुलीचं लक्ष लागणार नाही." हे सगळं आई मला हसत हसत सांगायची, तुमची नक्कल करून. म्हणजे बघा, मी कुणी टाकून दिलेली पोर नव्हते. मला एका बाईने हाताला धरून, पत्ता विचारत, ठरवून आणलं होतं.

तुम्ही वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. पहिल्या वर्षी मी अंथरूण ओलं करायचे. बाकीच्या मुली उठायच्या आत तुम्ही स्वतः ते धुऊन टाकायचात आणि कुणापुढे एक अक्षर काढायचा नाहीत. उवा काढायचात. माझं अक्षर वळवलंत ते असं की अजूनही लोक विचारतात, कुठल्या शाळेत होता. चुकीचा उच्चार केला की पट्टी हातावर बसायची, आणि रात्री जेवताना त्याच हातावर तुम्ही जास्तीचं तूप वाढायचात. आई यायची ती मोळी विकून झाली की. मागच्या पायरीवर बसायची, पदराच्या गाठीतून करवंदं नाहीतर उकडलेले कंद काढायची आणि मग माझं डोकं पुढ्यात घेऊन खोबरेल तेल असं थापायची की ते कानांवरून ओघळायचं. दिवाळी झाली की वाडीतली सगळी माणसं वीटभट्टीवर जायची ती थेट पावसाळ्याला परत यायची. त्या दिवसांत आईची खेप महिन्याला एखादी.

मी चौथीत असताना दिवाळीच्या आधी तुम्ही संस्थेच्या कॅलेंडरसाठी फोटोवाल्याला बोलावलंत. आदल्याच दिवशी आई येऊन गेली होती. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, तेलानं चपचपीत डोकं. तुम्ही मला बघून कपाळाला हात लावलात. "हे काय चोपडून ठेवलंय!" मग कपड्याच्या साबणाने तुम्ही माझे केस धुतलेत, उन्हात वाळवलेत, विंचरू दिले नाहीत. माझा फ्रॉक चांगला होता, तो काढायला लावलात आणि पोतेऱ्याला काढून ठेवलेला एक फ्रॉक मला घातलात. मी विचारलं, माझा कुठाय? "संध्याकाळी घाल." फोटोवाला सवयीनं म्हणाला, "हस बाळ." तुम्ही म्हणालात, "हसू नकोस गं. आईची आठवण काढ." मी काढली, आणि मला खरंच हसू आलं. आईची आठवण आली की मला हसूच यायचं, बाई, कारण आई तुमची नक्कल करायची. दोनदा, तीनदा तसंच झालं. शेवटी तुम्ही मला उन्हाकडे तोंड करून उभं केलंत आणि डोळे मिटू नकोस म्हणून सांगितलंत. डोळ्यांना धारा लागल्या, तेव्हा कुठे फोटो तुमच्या मनासारखा आला.

फोटोखालचा मजकूर तुम्ही स्वतः लिहिलात. लिहून झाला की मोठ्यानं वाचून बघायची तुमची पद्धत होती. मी स्वयंपाकघरात तुमच्यासमोर बसले होते. "तिला ना आई, ना बाप. तिला आहात फक्त तुम्ही." मी म्हटलं, "बाई, माझी आई आहे." तुम्हाला राग आला नाही. सुपातले खडे बाजूला करत तुम्ही मला समजावलंत, मी तुमची बरोबरीची असल्यासारखं. "हे बघ. तळोज्याच्या कारखान्यातला साहेब दमून घरी येतो. चपला काढता काढता त्याची नजर भिंतीवर जाते. त्या वेळी तू आणि तो, दोघंच असायला हवं. मधे तुझी आई उभी राहिली की तो म्हणणार, आई आहे ना, बघेल ती. आणि पान उलटणार." मी म्हटलं, "पण ते खोटं आहे." "अर्धं तर खरंच आहे ना? वडील नाहीतच तुझे." मी तरीही गप्प बसेना, तेव्हा तुमचा आवाज जरा चढला. "आणि तुझ्या आईला कुठं वाचता येतं?" बाई, पट्टीचे मार मी विसरले. हे एक वाक्य मला विसरता आलं नाही. मग तुम्ही मला हंडा भरून आणायला पाठवलंत.

त्या कॅलेंडरनंतर माझा चेहरा माझा राहिला नाही. एका चित्रकाराकडून तुम्ही फोटोवरून रेघांचं चित्र काढून घेतलंत. ते संस्थेच्या पत्रावर आलं, पावतीवर आलं, दुकानादुकानांतल्या देणगीच्या डब्यांवर आलं. फाटकावरच्या पाटीवर पेंटरनं ते रंगवलं तेव्हा डोळे मूळच्या दुप्पट केले आणि तुम्ही त्याला शाबासकी दिलीत. शाळेत मला नाव पडलं कॅलेंडर. "ए कॅलेंडर, आज कुठली तारीख?" महिन्याच्या एका रविवारी पाहुणे यायचे. मुंबईची, पुण्याची माणसं, बायकांच्या हातात बिस्किटांचे पुडे. मी उभी राहून माझी गोष्ट सांगायची, तुम्ही लिहिलेली. 'ना आई' म्हटल्यावर थांबायचं, मनात तीन आकडे मोजायचे आणि मग 'ना बाप'. तुम्ही मागच्या भिंतीशी उभ्या राहून बोटांनी मोजून दाखवायचात. मी कधी चुकले नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. माणसं माझ्यासमोर रडायची आणि मी दहा वर्षांची होते.

मे महिन्यात वसतिगृह बंद असायचं. त्या वर्षी मी आईकडे भट्टीवर गेले. भट्टी ओवे गावाच्या बाजूला होती. कच्च्या विटा रचून वर गवत टाकलेली खोपटी, एकाला एक लागून. आईच्या खोपटात शिरले आणि समोर मीच. कॅलेंडर! भट्टीचा मालक तुमच्या देणगीदारांपैकी निघाला. त्याच्या मुनशीच्या टेबलामागे ते लागलं होतं, आईने ओळखलं आणि आठ दिवस मागे लागून मागून आणलं. माझ्या गालावर तिने तव्याच्या काजळीचा ठिपका लावला होता, दृष्ट लागू नये म्हणून. अख्ख्या भट्टीतली माणसं येऊन तो फोटो बघून गेली होती. आईला वाचता येत नव्हतं, आणि तिने स्वतःच्या घरात, दारासमोर, स्वतः मेल्याची बातमी टांगून ठेवली होती.

दुपारी काम थांबलं तशा शेजारच्या बायका आल्या, पोरं आली, एक म्हातारी काठी टेकत आली. आईने मला पुढं ढकललं. "आता हीच वाचून दावील. वाच गं." मी कॅलेंडरपुढे उभी राहिले. अक्षरं समोर होती, तुमचीच शिकवलेली. आणि मी वाचायला लागले, म्हणजे वाचल्यासारखं करायला लागले. तुमच्याच आवाजात, तुमच्यासारखं थांबत थांबत. "ही मुलगी शिरढोणच्या पलीकडच्या वाडीतली. तिचे वडील वारले, पण तिची आई खंबीर आहे. आईने तिला एका दिवसात चालत पनवेलला आणलं. आई विटा थापते आणि तिची वीट भट्टीत सगळ्यांत सरळ असते." बायका हसल्या, आईकडे बघायला लागल्या. म्हातारी म्हणाली, "आमी पन हाय का गं त्यात?" मी म्हटलं, "आहे ना. शेजारची आजी तिला बोरं देते." म्हातारीने काठी आपटली. "बगा! माज्या बोरांचं पन छापलंय!" मी आणखी दोघातिघांना आत घेतलं. त्या चार ओळींत किती माणसं मावली, बाई! तुम्हाला तर एक आई जड झाली होती.

माणसं गेल्यावर आईने मला तांब्याभर पाणी दिलं. मी पिईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "गोड वाचलंस." बाहेर कुणी नाही हे बघून म्हणाली, "मुनशीनं वाचलं तवा मी मेलेली हाय. तुज्या वाचन्यात जिती झाले." तिला सहा महिने माहीत होतं. सहा महिने ती त्या ओळींखाली भाकऱ्या थापत होती. मी रडत म्हटलं, "आई, बाईंनी लिवलं. मी बोलले त्यांना, तू हायस म्हनून." ती म्हणाली, "गप. बाईचं बरोबर हाय. आई जिती हाय म्हटल्यावर दुसऱ्याच्या पोरीला कोन जेवाय घालंल? पन मेलेलं मानूस दारात कसं येनार? कुनी सायेब बगंल, इचारील, ही कोन? मंग तुला भाएर काडतील. मी आता दारावर यायची नाय." मी म्हटलं, मग हे कॅलेंडर तरी काढ. "का? तुजा फोटू हाय तो. बाकीचं मला कुटं वाचाय येतंय?" तुमचंच वाक्य, बाई. तिने ते तुमच्याकडून ऐकलं नव्हतं.

तिने शब्द पाळला. पुढची बारा वर्षं ती तुमच्या फाटकाच्या आत आली नाही. भट्टी बंद असली की आम्ही तळ्याच्या काठाला भेटायचो, वाडीतल्या बायका मोळ्या आणि रानभाजी घेऊन बसायच्या तिथं. माझी शाळेची वाट तीच होती. मी एकटी असले तर ती पदराआडून बाटली काढून भांगात तेलाचं एक बोट फिरवायची. तेवढंच, तुमच्या लक्षात येणार नाही इतकं. वसतिगृहातली दुसरी मुलगी बरोबर असली की ती मला ओळखायची नाही. "घे गं पोरी, गोड हायेत जांबळं," असं म्हणायची, परक्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं. आणि मी म्हणायचे, "नको." हे तिला छान जमायचं. मला तुम्ही शिकवलंत, तिला कुणी शिकवलं कोण जाणे.

सातवीत मला कावीळ झाली. तीन आठवडे मी खाटेवर होते आणि तुम्ही माझ्या उशाशी. एक देणगीदार बाई बघायला आल्या तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "आई म्हणून कुणी फिरकलं नाही हो." मला वाटलं, तुम्ही नेहमीचं बोलताय. पण तुमचे डोळे भरले होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की स्वतः लिहिलेली गोष्ट तुम्हाला खरी वाटायला लागली आहे. त्या तीन आठवड्यांत आई रोज रस्त्यापलीकडे उभी राहायची, तुमच्या पाटीवरच्या माझ्या मोठ्या डोळ्यांसमोर, आणि पाणी भरायला येणाऱ्या बाईला विचारायची, "ती कावीळवाली पोर कशी हाय?" मला हे बरं झाल्यावर कळलं. तुम्ही एकदा मला विचारलंतही, "तुझी आई हल्ली येत नाही गं?" मी म्हटलं, माहीत नाही. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. आणि मी तो फिरवू दिला.

मी बी.ए. झाले तोवर तुमचा हात थरथरायला लागला होता. शेवटच्या तीन दिवाळ्यांची पत्रं मीच लिहिली. तुम्ही वाचून म्हणायचात, "माझ्यापेक्षा बरी लिहितेस." मी लिहिलेल्या मुलींनाही आया नसायच्या. असल्या तरी त्या पत्रात येत नसत. मग पोटाच्या दुखण्याने तुम्ही अंथरूण धरलंत आणि चार महिन्यांत गेलात. मी तळ्यावर जाऊन आईला सांगितलं. मोळी तिथंच शेजारणीकडे टाकली, वाडीवर गेली, डोक्यावरून आंघोळ केली आणि त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. रक्ताचं माणूस गेल्यावर करतात तसं तिने तुमचं केलं. तुमच्या शोकसभेला पनवेलातली सगळी मोठी माणसं होती. त्यांच्यापैकी कुणी तुमच्यासाठी उपाशी राहिलं असेल असं मला वाटत नाही.

आता आईही गेली. मी हे लिहितेय ते ऑफिसच्या कागदाच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूला. पुढच्या बाजूला कोपऱ्यात एका मुलाचा चेहरा छापलाय. त्याची आई दर शनिवारी त्याला भेटायला येते, हे मला ठाऊक आहे, आणि त्याच्याबद्दलच्या पत्रात मी ते लिहिलेलं नाही. हे पत्र कुठं जायचं नाही. तरीही तुम्हाला जे सांगायला बसले ते अजून सांगितलं नाही. वरचं सगळं वाचून तुम्हाला वाटेल, हिने माझ्यावर सगळं ढकललं. तुम्ही जायच्या पंधरा दिवस आधीची ती सकाळ तुम्हाला आठवत असेल तर बघा. मी तुम्हाला पेज भरवत होते. तुम्ही मान वळवलीत आणि म्हणालात, "एक टोचतं गं मला. तुझ्या आईचं मी तसं लिहिलं ते. पण शेवटी खरंच ठरलं, नाही का? तिने काही मागे वळून पाहिलं नाही." तुम्ही माझ्याकडे बघत होता. तुम्हाला उत्तर हवं होतं, आणि मला वाटतं, खरं उत्तर ऐकायचीही तुमची तयारी होती. मी म्हटलं, "नाही बाई. तुमचं काही चुकलं नाही." तुमच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. लोक म्हणतील, मरणाऱ्या माणसाला हिने शांत केलं. तसं नव्हतं. मुंबईच्या नोकरीसाठी तुमचं शिफारसपत्र लागत होतं, मी ते लिहून आणलं होतं आणि तुमच्या उशाशी ते सहीवाचून पडलं होतं.

तुम्ही सही केलीत. शाई वाळेपर्यंत मी थांबले आणि मग तळ्यावर गेले. आईला म्हटलं, नोकरीचं झालं. तिने दोन्ही हातांनी माझी अलाबला घेतली. मग इकडेतिकडे बघून, आवाज अगदी खाली आणून तिने विचारलं, "माजं काय इचारलं का गं बाईनं?"

मी म्हटलं, "हो. बरी आहेस का, म्हणून विचारत होत्या."